लाईट शे, पन दाब नही

मे महिन्यात आमच्या चोपडा तालुक्यातल्या कुठल्याही रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन बघा, बाहेर ओळीने सबमर्सिबल मोटरी पडलेल्या असतात, चिखल वाळून पांढऱ्या झालेल्या, आणि आत एखादा पोरगा पक्कड घेऊन जळकी तार ओढत बसलेला असतो. माझ्या पुतण्याचं असंच दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे बसलेलो असताना आमच्या गल्लीतले नाना आले, त्यांची साडेसात एचपीची मोटर दोन महिन्यांत दुसऱ्यांदा जळाली होती आणि शेतात केळी निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेली. पुतण्याने तार हातात धरून दाखवली, तिन्ही फेजची तार सारखीच काळी, वरचं प्लॅस्टिक वितळून गठ्ठा झालेला. एखादा फेज उडाला तर सगळं असं सारखं जळत नाही. मोटर कमी दाबावर तासन्‌तास ओढत राहिली, करंट वाढत गेला, आणि स्टार्टरचा ओव्हरलोड, म्हणजे करंट वाढला की मोटर बंद पाडणारा भाग, वर चढवून ठेवलेला, तो इकडे सगळेच चढवून ठेवतात कारण नाहीतर मोटर पाच मिनिटंही चालत नाही. मी नानांना विचारलं, लाईट नव्हती का नीट? ते म्हणाले, "लाईट शे भाऊ, पन दाब नही." दाब म्हणजे व्होल्टेज.

मी ३१ वर्षं सबस्टेशनमधे ऑपरेटर म्हणून काढली, त्यातली बरीच रात्रपाळीची, आणि मला मनापासून वाटतं की या एका वाक्यात जो प्रश्न आहे तो आपल्याकडे कोणी सार्वजनिक प्रश्न मानतच नाही. विजेवर बोलायचं म्हटलं की आपण मेगावॅट मोजतो. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, ६६० चा नवा झाला, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सोलर २०१३ पासून चालू आहे, ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, धुळ्याजवळ तर ७६५ केव्हीचं सबस्टेशन आहे, तिथून एक लाईन संभाजीनगरकडे जाते आणि एक वडोदऱ्याकडे. म्हणजे खान्देशात वीज तयारही होते आणि देशाची वीज आपल्या शेतांवरून जातेही. मग दाब का नाही? लोक म्हणतात पुढारी आपली वीज मुंबईला नेतात. मी हे चहाच्या टपरीवर शंभर वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी सांगायचा प्रयत्न केलाय की वीज अशी कोणी "नेत" नाही, पण टपरीवर एवढं सांगून होत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

वीज तारेतून कुठे जाईल हे कागदावरचा करार ठरवत नाही, तारेचा अडथळा ठरवतो. नागपूरजवळ कोराडीला तयार झालेली वीज भुसावळमार्गे बाभळेश्वर आणि पुढे मुंबईजवळ पडघ्याला जाते ती कोणी हुकूम दिला म्हणून नाही, त्या ४०० केव्हीच्या वाटेने सोपं पडतं म्हणून, आणि दुसरी वाट बंद झाली की तोच लोंढा आपोआप उरलेल्या वाटांवर वाटला जातो, त्या वाटांना झेपो न झेपो. ज्या लाईनीतून नेमकी किती वीज जाणार हे खरोखर बटणाने ठरवता येतं अशी आपल्या राज्यातली मोठी लाईन म्हणजे चंद्रपूर ते पडघा एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाची डीसी लाईन, १५०० मेगावॅटची, साडेसातशे किलोमीटर लांब, कारण ती डीसी आहे आणि दोन्ही टोकांना एसीची डीसी आणि डीसीची एसी करणारे कन्व्हर्टर आहेत. बाकी सगळं एसी जाळं म्हणजे पावसाळ्यातलं पाणी, उताराने जाणार. त्याला थोडंफार वळवता येतं, लाईनीत सिरीज कपॅसिटर टाकून, फेज शिफ्टिंग ट्रान्सफॉर्मर बसवून, कुठल्या संचाला वर घ्यायचं कुठल्याला खाली ते ठरवून, पण वळवता येतं म्हणजे धरून ठेवता येतं असं नाही.

आता दाबाचं. फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीज सेकंदाला किती हेलकावे घेते तो आकडा, आणि दाब या दोन गोष्टींत लोकांचा फार गोंधळ होतो, पेपरवाल्यांचाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून अख्ख्या भारताची फ्रिक्वेन्सी एक. श्रीनगरला ४९.९८ असेल तर चोपड्यालाही ४९.९८. दाबाचं तसं नाही. दाब प्रत्येक सबस्टेशनचा वेगळा, प्रत्येक डीपीचा, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरचा, वेगळा, डीपीच्या पहिल्या मोटरीचा वेगळा आणि शेवटच्या मोटरीचा वेगळा. फ्रिक्वेन्सी हा देशाचा मामला आहे आणि दाब हा गावचा. माझं म्हणणं या एका फरकावर उभं आहे. फ्रिक्वेन्सीसाठी आपण देशभराची शिस्त बसवली, ४९.९० ते ५०.०५ च्या बाहेर गेलं की पैसे लागतात, सगळ्यांचे डोळे त्या आकड्यावर. दाबाला मात्र मालकच नाही.

दाब कशावर टिकतो ते नीट सांगतो, कारण इथेच सगळे सोडून देतात. मोटर चालायला दोन गोष्टी लागतात, एक काम करणारी वीज आणि दुसरी मोटरीच्या लोखंडात चुंबक उभं करणारी वीज, हिला रिअॅक्टिव्ह पॉवर म्हणतात. जुन्या लोकांनी मोट पाहिली असेल. बैल धावेवरून खाली जातात तेव्हा मोट वर येते, पाणी पडतं. मग बैल उलटे मागे येतात, त्या वेळी थेंबभर पाणी मिळत नाही, पण मागे आल्याशिवाय दुसरी मोट भरत नाही, आणि मागे येतानाही धाव बैलांनीच अडलेली असते. रिअॅक्टिव्ह पॉवर म्हणजे ते मागे येणं. सेकंदाला १०० वेळा ती तारेतून मोटरीकडे जाते आणि परत येते, मीटरवर युनिट पडत नाही, पण तार तेवढी अडते, गरम होते आणि दाब पडतो. आणि महत्त्वाचं म्हणजे ही चीज लांबून आणता येत नाही. मोठ्या लाईनींचा रिअॅक्टन्स, म्हणजे एसीला होणारा चुंबकी अडथळा, त्यांच्या साध्या रोधापेक्षा कितीतरी पट जास्त असतो, त्यामुळे दीपनगरहून चोपड्याच्या विहिरीपर्यंत ती पाठवायची म्हटलं तर वाटेतच खपते आणि जाता जाता वाटेवरचा दाब पाडते. जिथे लागते तिथेच तयार करावी लागते. चोपड्याला लागते तर चोपड्यात.

म्हणून मी कपॅसिटरसाठी भांडतो, कारण तो रिअॅक्टिव्ह पॉवर मोटरीजवळच देतो. पॉवर फॅक्टर म्हणजे तारेतल्या एकूण विजेत काम करणाऱ्या विजेचं प्रमाण. १० एचपीची मोटर कपॅसिटरशिवाय पाऊण पॉवर फॅक्टरवर चालते असं धरा, तिला साधारण ४ केव्हीएआरचा (रिअॅक्टिव्ह पॉवर केव्हीएआरमधे मोजतात) कपॅसिटर लावला तर पॉवर फॅक्टर ०.९५ च्या आसपास जातो, तेवढ्याच कामाला करंट २० टक्क्यांनी कमी लागतो आणि तारेतली गळती एक तृतीयांशाहून जास्त कमी होते. एका मोटरीचं हे. एका डीपीवर २० मोटरी, एका फीडरवर, म्हणजे सबस्टेशनहून निघणाऱ्या एका लाईनीवर, शेकडो. उलट दाब ४१५ वरून ३३० ला आला, म्हणजे ८० टक्के राहिला, तर मोटरीचा जोर ६४ टक्केच राहतो कारण जोर दाबाच्या वर्गाने पडतो. मग मोटर उचलत नाही, गुरगुरते, करंट खाते, त्याने दाब अजून पडतो, शेजारच्याची पण बसते. त्यात इकडे प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच. लाईट आली की सगळ्या मोटरी एका क्षणाला उठायला बघतात. मी नानांच्या विहिरीवरच्या पेटीत व्होल्टमीटर लावून बघितलंय, लाईट आली तेव्हा काटा ४१० ला होता आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत ३४० च्या खाली. दहा-बारा दिवस तसंच.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की चूक शेतकऱ्याचीच. मी तसं म्हणत नाही. ऑटो स्विच का लावतात, तर लाईट रात्री दोनला येते आणि केळीच्या बागेत रात्री साप-बिबट्याच्या भीतीने कोणी जात नाही म्हणून. कपॅसिटर का लावत नाहीत, तर लावण्याने फायदा गावाचा होतो आणि खर्च एकट्याचा. बिल एचपीवर, आणि २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिलच नाही, मग पॉवर फॅक्टर सुधारून शेतकऱ्याच्या खिशात काय पडतं? कारखान्यांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच वर, म्हणजे रिअॅक्टिव्हही धरून, बिल लागतं, त्यामुळे प्रत्येक कारखान्यात पॅनल आहे, माणूस आहे, कपॅसिटर फुगला की त्याच आठवड्यात बदलतात. तिकडे पैसा बोलतो, इकडे नुसतं आवाहनाचं पत्रक निघतं. पत्रकाने दाब येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शेतीच्या डीपीवरचा कपॅसिटर ही शेतकऱ्याची नाही, तारा ज्यांच्या आहेत त्यांची जबाबदारी असली पाहिजे, त्यांनीच बसवायचा, त्यांनीच दर सहा महिन्यांनी क्लॅम्प मीटर लावून तपासायचा. आणि शेतकऱ्याने आपल्या बाजूने ऑटो स्विच काढायचा, यात मी कोणाची भीड ठेवणार नाही.

एका ३३/११ केव्हीच्या सबस्टेशनवर, नाव सांगत नाही, मला कपॅसिटर बँक दिसली, कुंपणाला लागून, तीन डबे फुगलेले, फ्यूज लोंबकळतोय, खाली गवत एवढं वाढलेलं की कोणी वर्षभर तिकडे पाय ठेवला नसावा. कागदावर ती बँक "चालू" असणार, कारण बसवली तेव्हा कंत्राटाचं बिल निघालं, पण ती रोज किती केव्हीएआर देते ते मोजायचं कोणाच्या कामात लिहिलेलंच नाही. मला राग आला त्या दिवशी, अजून येतो.

दुसरी बाजू पण आहे, आणि ती रात्रपाळी केलेल्या माणसालाच कळते. श्रावणात पाऊस लागून राहिला, पंप बंद, पहाटेचे तीन, तेव्हा दाब पडत नाही, चढतो. लांब लाईन स्वतःच कपॅसिटरसारखी वागते, ४०० केव्हीची लाईन किलोमीटरला अर्ध्या एमव्हीएआरपेक्षा (एक एमव्हीएआर म्हणजे हजार केव्हीएआर) थोडं जास्तच तयार करते, २०० किलोमीटरची लाईन म्हणजे १०० च्या वर. लाईनीवर साधारण ५०० मेगावॅट भार असेल तर तिचं तीच खाऊन बरोबर होतं, भार कमी असेल तर उरलेलं कुठे जाणार, दाब वर. ४०० केव्हीला ३८० ते ४२० ही हद्द आहे. मी ४२६ बघितलंय. जास्तीची रिअॅक्टिव्ह खाणारे रिअॅक्टर घेतले, ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलले, तरी उतरेना, मग ग्रीड चालवणाऱ्या लोड डिस्पॅचवाल्यांचा फोन येतो की अमुक लाईन उघडा. चांगली, धडधाकट लाईन, करोडोंची, फक्त दाब उतरवायला बंद करायची. त्या क्षणी ग्रीडचा एक आधार काढून घेतलेला असतो आणि उरलेल्या लाईनींपैकी एखादी गेली तर? ब्रेकर उघडल्याचा तो आवाज रात्री लांबपर्यंत जातो, आणि सकाळपर्यंत मला खुर्चीत नीट टेकताही यायचं नाही.

हे गावचं दुखणं देशाचं कधी होतं त्याची दोन उदाहरणं. ३० जुलै २०१२, रात्री अडीचच्या सुमारास बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन ट्रिप झाली. तिच्यावर फॉल्ट नव्हता. शेजारचं सर्किट कामासाठी बंद होतं, उरलेल्या लाईनीवर भार इतका की करंट जास्त आणि दाब कमी, लाईन सांभाळणाऱ्या रिलेला वाटलं लांब कुठेतरी शॉर्ट झालंय, त्याने लाईन कापली. उत्तर ग्रीड गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास परत तेच, या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही गेले, ६० कोटींच्या वर माणसं अंधारात. लाईनी कमी होत्या का? कमी होत्याच. पण तुटलं ते पडलेल्या दाबाच्या आणि जास्तीच्या करंटच्या त्या जोडीवर.

आणि २८ एप्रिल २०२५, स्पेन आणि पोर्तुगाल. भर दुपार, ऊन चांगलं, सोलर भरपूर, विजेचा तुटवडा अजिबात नाही. तिथे दाब चढला. एक प्लांट जास्त दाबाने सुटला, तो सुटला म्हणून दाब अजून चढला, मग दुसरा, तिसरा, आणि काही सेकंदांत दोन देश बंद. नंतरच्या चौकशीत जे आलं ते आपल्यासाठी डोळे उघडणारं आहे. सोलर आणि पवनचे बरेच प्लांट ठरलेल्या एका पॉवर फॅक्टरवर चालत होते, दाब चढो की पडो ते आपलं तेच करत राहणार, कारण नियमाने त्यांच्याकडून दुसरं काही मागितलेलंच नव्हतं. आणि जे मोठे संच दाब सांभाळायला धरले होते ते मोजकेच होते, त्यातले काही अपेक्षेएवढी रिअॅक्टिव्ह पॉवर शोषत नव्हते. पुढे स्पेनने नियमच बदलायला घेतला.

आता आपल्याकडे बघा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीखाली राज्यात १६ हजार मेगावॅटचं लक्ष्य आहे, गावोगावी सबस्टेशनजवळ छोटे सोलर प्लांट उभे राहतायत. मी या योजनेच्या बाजूने आहे, पूर्ण बाजूने. शेतकऱ्याला दिवसा लाईट मिळणं ही मोठी गोष्ट आहे, नानांसारख्या माणसाला रात्री विहिरीवर जावं लागत नाही, आणि वीज लांबून न येता दोन किलोमीटरवरून येते त्यामुळे दाबही सुधारतो. पण दुपारी सोलर जोरात असताना दीपनगरसारखे थर्मल संच खाली घ्यावे लागतात, कधी बंदच ठेवावे लागतात, आणि संच बंद झाला की मेगावॅटबरोबर त्याचं दाब सांभाळणंही बंद होतं. मोठा जनरेटर फील्ड कमी-जास्त करून रिअॅक्टिव्ह देतो पण आणि घेतो पण, क्षणात. हे काम इतकी वर्षं तो जवळजवळ फुकटात करत आला म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही की हे एक काम आहे. ब्राह्मणवेलसारख्या ठिकाणच्या जुन्या पिढीच्या पवनचक्क्यांचं तर उलटं, इंडक्शन जनरेटर असेल तर वारा सुटला की तो मेगावॅट देतो आणि रिअॅक्टिव्ह ग्रीडकडूनच ओढतो.

सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलच्या डीसीची एसी करणारं यंत्र, मात्र हे काम करू शकतो, आणि कपॅसिटरपेक्षा चांगलं करू शकतो. कपॅसिटरची खोड अशी की दाब पडला की त्याचं देणंही वर्गाने पडतं, म्हणजे गरज असेल तेव्हाच हात आखडतो. इन्व्हर्टर तसा नाही. मोठ्या प्लांटना ०.९५ पर्यंत दोन्ही बाजूंनी रिअॅक्टिव्ह देता-घेता आलं पाहिजे असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहेच. आमच्याकडे फीडरवर बसणारे जे छोटे प्लांट मी पाहिले ते मात्र युनिटीला, म्हणजे पॉवर फॅक्टर १ ला, लावून ठेवलेले, कारण पैसे युनिटचे मिळतात आणि रिअॅक्टिव्ह दिली तर एक पैसा वाढत नाही. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने करारात लिहिलंय ते केलं.

तर करार बदला. इन्व्हर्टर पाच-साडेपाच टक्के मोठा घेतला तर पूर्ण उन्हातही ०.९५ पर्यंत रिअॅक्टिव्ह देता येते, एवढाच काय तो जास्तीचा खर्च, आणि जेव्हा ऊन नसतं तेव्हा तर अख्खा इन्व्हर्टर रिकामा पडलेला असतो. रात्रीसुद्धा, योग्य इन्व्हर्टर असेल तर, ग्रीडकडून थोडी वीज घेऊन तो दाब सांभाळू शकतो. राज्याराज्यांमधल्या देवाणघेवाणीत हे तत्त्व कधीचंच मान्य आहे, दाब ९७ टक्क्यांच्या खाली असताना रिअॅक्टिव्ह ओढली तर पैसे भरा, दिली तर मिळवा, १०३ च्या वर याच्या उलट. तेच तत्त्व ३३ केव्हीपर्यंत खाली आणायला अडचण काय आहे? मीटर आहेत, मोडेम आहेत, आकडे कुठेतरी सर्व्हरवर पडूनच असतात.

काही इंजिनिअर मित्र म्हणतात की एवढं खाली नेलं तर शंभर जण एकाच वेळी दाब ओढाताण करतील, एक चढवेल दुसरा उतरवेल. हा आक्षेप खरा आहे, हवेत नाही. पण त्यावर उपाय आपल्याच मातीत आहे. पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांचं, पण दारं उघडायचा हक्क प्रत्येकाला नव्हता, पाटकरी नेमलेला, त्याला धान्य ठरलेलं, आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचलं नाही तर जाब त्यालाच. प्रत्येक प्लांटने किती दाबाला किती रिअॅक्टिव्ह द्यायची याची ठरलेली रेषा इन्व्हर्टरमधे भरता येते, मधे थोडी मोकळी पट्टी ठेवता येते, आणि वरून सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर टॅपने हळूहळू सावरतो. तांत्रिक काम झालेलं आहे. पाटकरी कोण आणि त्याचं धान्य कोण देणार एवढंच ठरायचं बाकी आहे.

दीपनगरच्या जुन्या संचांसारखे संच आयुष्य संपलं म्हणून भंगारात जातात, तेव्हाही जनरेटर टर्बाइनपासून सोडवून नुसता फिरता ठेवला, सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून, तर कोळशाचा एक कण न जाळता तो दाब सांभाळतो. संभाजीनगर आणि सोलापूरला स्टॅटकॉम, म्हणजे क्षणात रिअॅक्टिव्ह देणारी-घेणारी यंत्रं, बसले ते चांगलंच झालं, पण ते ४०० केव्हीचं दुखणं बघतात, नानांच्या विहिरीपर्यंत त्यांचा हात पोचत नाही.

मला आमच्या तालुक्याच्या आमसभेत एवढंच मागायचंय, आणि दरवेळी सगळे नवीन डीपी आणि नवीन सबस्टेशन मागतात तेव्हा माझी ही मागणी मागे पडते. प्रत्येक ११ केव्ही फीडरचा दाब, सबस्टेशनवरचा आणि शेवटच्या डीपीवरचा, दर १५ मिनिटांचा, गावाला दिसला पाहिजे, मोबाईलवर दिसो की सबस्टेशनच्या फाटकावर पाटी लावून दिसो. कपॅसिटर बँकेने काल किती केव्हीएआर दिले तेही त्याच पाटीवर. नाना दहावी शिकलेत, केळीच्या भावाचा आकडा त्यांना रोज तोंडपाठ असतो, हा पण होईल. सध्या आम्ही त्यांच्या विहिरीवर एक वही ठेवली आहे, लाईट आली की वेळ आणि काटा लिहायचा. पहिलं पान २ मेचं आहे, शेवटच्या डीपीवर सकाळी नऊ वीसला ३३८.